आमच्या गाडीचा मूळ आवाज

३ मार्च
आजपासून रोजनिशी. अक्षर धाकट्या जावेचं, अक्कल माझी. तिला बजावलंय, सांगते तेवढंच लिही.
हे गेल्यापासून ह्यांची जुनी गाडी शेडमध्ये धूळ खातेय. थोरला लेक म्हणतो विकू, शेड मोकळी होईल. मी म्हटलं, मी मेल्यावर कर मोकळी. शेवटी ठरलं असं: रविवारी गाडी घरासमोरचा चढ एका दमात चढली तर राहील. नाही चढली तर जुन्या गाड्या जमवणारा एक दातांचा डॉक्टर टपलाय, तो नेईल.
चढेल. न चढायला काय झालं.

४ मार्च
मेकॅनिक आला. बोलतो की भांडतो, कळत नाही. नाव ठेवलं भोंगा. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा जरासा फिरवून टायमिंग लावलं, बोल्ट आवळला. म्हणतो, आजी, आता घोडा झाली. घोडा कसला, पिठाची गिरणी. ह्यांच्या हातात मांजरीसारखी घुरघुरायची. तर म्हणे, या इंजिनाचा आवाज पहिल्यापासून असाच. मला सांगतोय.

५ मार्च, दुपारी
थोरला कामावर, सून झोपलेली. जावेला किल्लीपाशी बसवलं. बोल्ट सैल केला, डबा हळूहळू उलटा फिरवला. आवाज मऊ, आणखी मऊ. तिथेच आवळला. भोंग्याने खुणेला पांढरी रेघ मारली होती, तीही रॉकेलने पुसली. ह्यांच्या गाडीवर रेघोट्या मारतो मेला.
जाऊ म्हणाली, जाऊबाई, त्याला एकदा विचारायचं का. तिला म्हटलं, तू लिही.

७ मार्च
भोंगा तपासायला आला आणि डब्याला हात कोणी लावला म्हणून बोंबलला. थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मटार सोलत होते. सुनेवर ढकलणार होते, पण ती समोरच उभी. त्याने पुन्हा गिरणी केली. तो गेल्यावर मी पुन्हा मांजर केलं. हा डॉक्टरला सामील आहे, दुसरं काही नाही.

८ मार्च, रविवार
सुरू काय झोकात झाली. थोरला चालवायला. डॉक्टर चढाच्या टोकाला उभा, गिधाडासारखा. अर्ध्यावर गाडी धापा टाकायला लागली. मग वाफ. मग बंद. मग मागे घसरत सुनेच्या कुंड्यांवर.
जाऊ विचारते, काय लिहू. लिही, चढ वाढलाय. दरवर्षी वर डांबर ओततात, वाढणार नाही तर काय.

१० मार्च
डॉक्टर गाडी न्यायला आला, सोबत भोंगा. त्याने डबा फिरवला, बोल्ट आवळला. गिरणी सुरू. डॉक्टर म्हणाला, आजी, चढापर्यंत येता का. कशाला येऊ, म्हटलं. आणि गेले.
पुढे कायम सासूबाई बसायच्या, त्यामुळे माझी जागा मागची. तिथेच बसले, दार ओढलं, काचा वर घेतल्या. गिरणी कुठल्या कुठे गेली. आत नुसती घुरघुर, अगदी ह्यांच्या वेळची. चढ कधी संपला, कळलंच नाही.
डॉक्टरने मला उतरायला दार उघडून धरलं.
खाली पायी आले. उतार, तरी दम लागला. जाऊ विचारते, मग आवाज शेवटी कोणाचा बरोबर होता. तिला म्हटलं, वही मिट.