बाहेरूनच उघडणारं दार

आदरणीय यासुहिरोदादांना, मात्सुमोतोहून धाकट्या चुलतभावाचा वाकून नमस्कार.

इकडे थंडी सुरू झाली, पर्सिमॉनची फळं सोलून वाळायला छपराखाली टांगलीत. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला? आम्ही दोघं ठणठणीत. (साचिए शेजारी बसून सोलतेय. ‘ठणठणीत’ वाचून तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुठल्याच बायकोने नवऱ्याकडे पाहू नये.)

दादा, माझा तुमच्यावर राग आहे. त्या यंत्रमानवाच्या सिनेमाबद्दल नागोयाहून कार्ड पाठवलंत, आणि लिहिलंत काय, तर शेवट जबरदस्त, बाकी काही सांगत नाही. अहो, मग लिहिलंत कशाला? मी आपला चटया शिवणारा साधा माणूस. सुई हातात घेतली की तुमचं कार्ड डोळ्यांपुढे. शेवटी गेलो. वाटलं होतं, दोन लोखंडी धुडं एकमेकांना बुकलतील आणि मी मस्त डुलकी काढीन. पण सुरुवातीलाच तो म्हातारा मेकॅनिक यंत्राच्या छातीतल्या खोलीची आतली कडी मोडून ठेवतो आणि म्हणतो, राहू दे, बाहेरून उघडतंय ना! बस्स, तिथे माझी डुलकी गेली. पुढे ती पोरगी नोदोका त्याच खोलीत बसून यंत्र चालवतेय, कोसळती सागरी भिंत पाठीवर पेलून उभी आहे, आणि बाहेरून दार उघडू शकणारे एकेक करून कमी होताहेत. एक पळाला, एक फितूर निघाला. मारामारी कुणाला हवीय हो? दाराशी कोण येणार, तेवढं सांगा!

नेमके तेव्हाच सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम किंचाळले. भूकंपाचा इशारा! पडदा काळा, दिवे चालू. ओरडलं कोणी नाही. थिएटरचा कर्मचारी मात्र भूकंप त्यानेच केल्यासारखा कमरेत वाकून माफी मागत होता. पुन्हा येण्यासाठी फुकट तिकीट दिलं.

दुसऱ्यांदा साचिएला घेऊन गेलो. मध्येच उठावं लागू नये म्हणून सकाळपासून चहाचा घोटही घेतला नाही. तोच प्रसंग आला, खोलीत पाणी शिरलं, आणि मी उभा राहिलो. कशाला ते ठाऊक नाही, बहुतेक दार उघडायला. मग जरा गरगरलं. (काळजी करू नका, रिकाम्या पोटी होतं असं.) शुद्धीवर आलो तर तोच कर्मचारी मला उचलून बाहेर नेत होता. मी विचारलं, “ती सुटते का रे?” तो कळवळून म्हणाला, “साहेब, हळू. आतल्यांना ऐकू जाईल हो.”

साचिएनेही शेवट पाहिला नाही, ती माझा जोडा शोधत होती. पोस्टमन म्हणतो, शेवट सांगितला तर मजा जाईल. तरुण डॉक्टरने तर दोनदा पाहिलाय, पण छातीला नळी लावून म्हणतो, “काका, तुमच्या नाडीला झेपणार नाही.” काय सभ्य देश आहे आपला! माणूस तळमळून मेला तरी चालेल, पण त्याची मजा कोणी घालवणार नाही. झोप लागत नाही, शिवण वाकडी जाते, जेवताना उठून फेऱ्या मारतो. सिनेमा तर इथून उतरलासुद्धा. तेव्हा उलट टपाली शेवट कळवा.

तुमचा,
शिगेकी

ता. क. साचिए म्हणतेय, खरं लिही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, रोजचंच काम. त्यांचं असेल. मी घाबरलोय, दादा.

आणखी ता. क. शेवट लिहू नका. कळला तर जागं कशासाठी व्हायचं? स्वतः या, आणि मी डोळे उघडले की सांगा. (वहिनींनी सिनेमा पाहिला असेल तर त्यांना घरीच ठेवा, त्यांच्या पोटात काही राहत नाही.) ऑपरेशननंतर ज्या खोलीत ठेवतात ती मी पाहून आलोय. तिचंही दार बाहेरूनच उघडतं.