आठ दिवसांचं पथ्य

मंगळवार, संध्याकाळ

रिपोर्ट पर्समध्येच आहे, अजून कोणाले दाखवला नाही. शुगर बॉर्डरवर आहे म्हणे. मी तर तपासणीआधी आठ दिवस भात सोडला होता, चहाही फिका घेतला. मले वाटलं, झालं काम! डॉक्टर हसले. म्हणाले, "दीदी, ये टेस्ट तीन महीने का हाल बताती है, आठ दिन का नहीं." बीपी पण वाढून राहिलं. रोज चाला, पोट कमी करा, अजून वेळ आहे.

वेळ आहे म्हणे. मले मात्र बाबांच्या पायाचा अंगठाच दिसून राहिला.

बाबा रेल्वेत होते. दरवर्षी नोकरीच्या मेडिकल तपासणीच्या आधी आठ दिवस गोड बंद करायचे, अन् मग "पास झालो" म्हणत पेढे घेऊन यायचे. पुढं पुढं पायातली चप्पल निघून गेली तरी त्यांले समजायचं नाही. अंगठा काळा पडला, कापावा लागला. ही आठ दिवसांची अक्कल मी त्यांच्याचकडून घेतली काय?

घरी आल्यापासून तीनदा माझा अंगठा चिमटून पाहिला. दुखते. दुखलं की बरं वाटते.

आत्ता यांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

माझ्या तोंडून निघालं, "पास झाली."