ह्यांची पाच मॉड्यूल्स

१ जून १९९८
आज ह्यांच्या खुर्चीत बसले! हे गेल्याला सहा महिने झाले, आणि राजवाड्यामागच्या त्यांच्याच कंपनीनं त्यांचं काम मला दिलं. भात गिरणीसाठी ह्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामची पाच मॉड्यूल्स एकसारखी करायची. फॉरमॅटर चालवला की ओळी आपोआप शिस्तीत बसतात. सगळे जण ओळ चार जागा आत सरकवतात, हे मात्र तीन. हट्टी माणूस! पडद्यावर त्या तीन जागा दिसल्या आणि हसता हसता रडूच फुटलं. आमचे साहेब, राजगोपाल सार, कॉफी ठेवून गेले.

३ जून
‘आवक’ आणि ‘वजन’ झाली. सुबक, पण कुणीही लिहिल्यासारखी. घरी सांबार करताना हे त्याला काय नावं ठेवायचे तेच आठवेना. इश्श, एवढी कशी मी वेंधळी!

५ जून
‘गोदाम’ झालं. ह्यांचा आवाज गेला. चेहरा दिसतो, ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. एकेक मॉड्यूल सरळ होतं तसे हे माझ्यातून पुसले जातायत. सारांकडे जुन्या प्रती मागितल्या. म्हणाले, त्याच फ्लॉप्यांवर नव्या चढवल्या.

८ जून
‘भरडाई’ शुक्रवारीच मशीनला लावून आले होते. ते आपलं आपण झालं.
नाव आठवत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमची रीत. वही चाळली, जिथे तिथे ‘हे’. अगं, एकदा तरी लिहायचंस! माझ्या लेकीला, पाच वर्षांच्या धनूला विचारलं. तिनं तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा पेन उचलेपर्यंत —

९ जून
एकच राहिलंय, ‘वाटप’. वर तारीख आहे, धनू झाली त्या आठवड्याची. नाही चालवणार. नोकरी गेली तरी नाही. सारांना ताप आल्याचं कळवलं.

१० जून
सारांचा निरोप — माझी दया आली त्यांना. शेवटचं त्यांनीच चालवलं. विश्रांती घ्या म्हणाले —
धनू. धनू माझी. धनू धनू धनू —

११ जून
दारात एक मुलगी. आई म्हणते मला. रडून रडून डोळे सुजलेत. कुणाची गं तू — सांगत नाही. हिची आई वेड्यासारखी शोधत असेल, बिचारी. जवळ घेतलं तर घट्ट बिलगली, आणि मलाच का एवढं —