चढावर दम सोडणारी गाडी

प्रिय दादा,

फोनवर तुला जे बोलले, त्यानंतर तू माझं पत्र उघडशील की नाही कोण जाणे. उघडलंस तर शेवटपर्यंत वाच.

तुझी गाडी मी घेतली तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. एवढंसं इंजिन, त्याला टर्बो लावून दुप्पट काम करून घ्यायचं, अशी इंजिनं लवकर थकतात म्हणे. घरी हे तर पहिल्या दिवसापासून म्हणत होते, भाऊ झाला तरी चांगली गाडी कोण विकतं? मी हसण्यावारी नेलं. कारण गाडी पळायची काय! पाय दाबला की क्षणभर विचार करायची आणि मग कुणी पाठीला हात लावून ढकलावं तशी निघायची.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला यायला निघाले त्या दिवशी मात्र धरणापुढच्या चढावर तिनं दम सोडला. फुस्स आवाज झाला, समोर पिवळा दिवा लागला, आणि खडी भरलेले ट्रकसुद्धा मला मागे टाकून जायला लागले. कशीबशी परत आले. यांनी बॉनेट उघडून बराच वेळ खटपट केली आणि हात पुसत सांगितलं, की टर्बो गेल्यात जमा आहे, गावातल्या गावात वापर, लांब नेऊ नकोस. त्या संध्याकाळी मी तुला नाही नाही ते बोलले. तू एवढंच म्हणालास, "माझ्याकडे असताना कधी असं झालं नाही गं." मला तो कोडगेपणा वाटला.

पण रोज ऑफिसला गाडी व्यवस्थित जायची. मैत्रिणींना घेऊन उड्डाणपुलावर चढायची, तरी कुरकुर नाही. अडायची ती तुमच्याकडे निघाले की. पुढच्या महिन्यात आईला बघायला निघाले तेव्हा तेच. तुझ्या लेकीच्या नाटकाला निघाले तेव्हाही तेच, त्याच चढावर. या वेळी मी वाटेतल्या गॅरेजात शिरले. मेकॅनिकनं इंजिनात हवा नेणारा जाड रबरी पाइप हलवून दाखवला. नुसता टेकवलेला होता. सपाटीवर टिकतो, चढावर टर्बोनं जोर लावला की निसटतो. त्यानं क्लिप आवळली आणि म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे. आधी ज्यानं खोललं, त्याची क्लिप आवळायची राहिली असेल."

आधी खोलणारं माणूस एकच होतं, दादा.

नाटक तोवर संपलं होतं. मी घरी परतले, गॅरेजचं काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी क्लिपच्या स्क्रूवर नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली, अर्धी स्क्रूवर, अर्धी पट्टीवर. रोज बघायचे. रेघ जशीच्या तशी. स्वतःचीच लाज वाटायला लागली होती. मग एकदा जेवताना सहज म्हणाले, रविवारी आईकडे जाऊन येते. यांनी मान डोलावली, भाजी वाढून घेतली. रविवारी सकाळी बॉनेट उघडलं तर रेघेचे दोन तुकडे झाले होते. मी बॉनेट लावतेय तोवर हे चहाचा कप घेऊन दारात आले आणि अगदी मायेनं म्हणाले, "जपून जा हं. भरवशाची नाही ती."

डोकं दुखतंय सांगून मी गेले नाही. दिवसभर अंथरुणात पडून एकेक आठवत राहिले. माझी शाळेपासूनची मैत्रीण एकाएकी यायची बंद झाली, ती का? तुमच्या गावच्या नोकरीचा मला आलेला फोन यांनी घेतला होता, आणि नंतर तिकडून पुन्हा कधीच कुणी विचारलं नाही. तेव्हा मी नशिबाला बोल लावला होता. जसा तुला लावला, तसाच.

माझा फोन तो रोज बघतो, म्हणून हे पत्र ऑफिसातून टाकतेय. उत्तर पाठवू नकोस, फोनही करू नकोस. बुधवारी नेहमीसारखी ऑफिसला म्हणून निघेन आणि तडक तुमच्याकडे येईन, राहायलाच. क्लिप मी पुन्हा आवळून घेतलीय आणि घरात कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे गाडी चांगली चालेल. दुपारपर्यंत पोहोचले नाही, तर चढावर बंद पडली असेल असं समजून वाट बघत बसू नकोस. मला शोधायला निघ.

तुझीच,
चिमी