कोटाला लावलेला पट्टा

ती. वन्सं,
पायांवर डोकं ठेवते. (पत्रातच ठेवते. प्रत्यक्षात वाकले तर मला उठवायला तुम्हालाच यावं लागेल.)

तुमचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे भाऊजींकडून कळलं, जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घाला आणि मांजराला उशीवर घेऊ नका. हे पत्र कुणाकडून वाचून घेणार असाल तर शेजारणीकडून घेऊ नका, पुढे माझी बरीच शोभा झालेली आहे. मी ठीक आहे. म्हणजे जेवते, कामावर जाते आणि सुट्टीच्या दिवशी घाबरते.

भाऊजी पुढच्या आठवड्यात गाडी न्यायला येणार आहेत, हे तुमच्या कानावर असेलच. ज्या गाडीतून ह्यांना शेवटचं दवाखान्यात नेलं ती दारात उभी कशाला, आणि वहिनी एकट्या कुठे चालवणार, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही हो म्हणालात की झालं, असंही म्हणाले. म्हणून तुम्हाला सगळं कळवते. मग तुम्हीच ठरवा.

कामाच्या दिवशी मला कशाचीही भीती वाटत नाही. दवाखान्याच्या धुलाईघरात वाफ, उकळतं पाणी आणि आमच्या मुकादमीणबाई असतात. त्यातून जो वाचला त्याला यमसुद्धा विचारून हात लावेल. पण सुट्टीच्या दिवशी गाडी थोडी फिरवून आणावी लागते, नाहीतर बॅटरी बसते. आणि रस्त्यावर, वन्सं, माणसं असतात. हिरवा दिवा लागायच्या आधीच मागचा बोंब मारतो. शेजारचा काच खाली करून विचारतो, "काकू, बैलगाडी सुटली का हातची?" एकदा मी मंडईपाशी गाडी मागे घेत होते, तर एक अनोळखी गृहस्थ आपणहून आले आणि हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या, भरपूर जागा आहे" म्हणत राहिले. भिंतीला धाडकन लागल्यावर म्हणाले, "बस!" आणि निघून गेले. अशा माणसांना घरचे दिवसभर कसे सांभाळतात कोण जाणे.

गाडीत बाई एकटी दिसली की प्रत्येकाला शिकवायची हुक्की येते, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून मी ह्यांचा तपकिरी कोट काढला. आत टॉवेल भरले. (घडी आमच्या धुलाईघरातली, खांदे असे बसले की शिंप्याने हात जोडावेत.) वर उशी, उशीला मफलर, त्यावर टोपी. शेजारच्या सीटवर बसवून पट्टा लावला. वेडी म्हणा. पण त्या दिवसापासून मला कुणी बोललं नाही. बोलायचे ते कोटाला. "काका, बायकोला मैदानात शिकवा हो!" कोट गप्प. तुमचा भाऊ जिवंतपणी तरी कुणाला उलट बोलला होता? मला मात्र मेलं बरं वाटायचं. इतक्या दिवसांनी कुणीतरी ह्यांना हाक मारत होतं.

आता परवाच्या सुट्टीचं ऐका. वाचनालयाकडे निघाले होते. वाटेतल्या गतिरोधकावर गाडी उडाली आणि ह्यांची, म्हणजे उशीची, मान छातीवर पडली. मी एका हाताने ती सरळ केली. पुन्हा पडली. पुन्हा सरळ केली. तेवढ्यात मागून भोंगा सुरू झाला. आरशात पाहते तर पाण्याच्या जारचा एक टेम्पो, दिवे लखलख करतोय, जार आत खडखडताहेत. मी त्याला वाट दिली, तो पुढे जाईना. वेग वाढवला, त्यानेही वाढवला. मग शेजारी आला, आत डोकावला, डोळे एवढे मोठे केले आणि हातवारे करून ओरडायला लागला. काचा बंद होत्या. मी दारं आतून लावली.

तुम्हाला ठाऊक आहे, मी चादरींवरचे वॉर्डांचे शिक्के वाचत अक्षरं शिकले आणि पेशंट उशीखाली विसरून जातात त्या रहस्यकथांवर वाढले. त्यामुळे पाठलाग करणारा माणूस शेवटी काय करतो हे मला पाठ आहे. मी मोठ्याने ह्यांना म्हटलं, "अहो, काहीतरी बोला ना त्याला!" ह्यांची मान पुन्हा पडली.

टेम्पोवाला पुढे घुसला. खिडकीतून हात बाहेर काढून समोरच्यांना बाजूला सारायला लागला. मागून एक मोटारसायकलवाला चिकटला, तोही भोंगा वाजवत. मधे मी, सुटायला जागा नाही. चौकातल्या गाड्या चादर फाटावी तशा दोन्हीकडे सरकल्या. मला वाटलं, सगळं गावच त्या दोघांना सामील आहे. तेवढ्यात टेम्पो एका फाटकात वळला. मीही वळले. फाटक ओळखीचं होतं, वन्सं. आमच्याच दवाखान्याचं, तातडीच्या विभागाचं.

टेम्पोवाला उडी मारून आला. "काकू, घाबरू नका, पोचलो! काकांना काही होणार नाही!" आमचेच वॉर्डातले मामा स्ट्रेचर घेऊन धावत आले. इतक्या हळुवारपणे त्यांनी पट्टा सोडला, खांद्याखाली हात घातला, "उचला, सांभाळून" म्हणाले आणि उचललं. जड म्हणून जोर लावला होता, त्यामुळे मामा कोटासकट मागे जाऊन बसले. उशी घरंगळत पायरीपर्यंत गेली.

मामांनी कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी तो ओळखला. त्या दिवशी त्यांनीच तो माझ्या हातात दिला होता.

आता हा टेम्पोवाला मला खाणार, म्हणून मी दाराआड उभी राहिले. तो उशी उचलून, झटकून घेऊन आला. "म्हणजे कुणी गेलं नाही ना, काकू?"

"गेलेत," म्हटलं, "पण आज नाही."

मग तो पायरीवर बसला. घामाने निथळत होता. मी त्याला त्याच्याच जारमधलं पाणी पाजलं. आणि मला एकदम तो दिवस आठवला. याच रस्त्यावर मी ह्यांना घेऊन येत होते, भोंग्यावरून हात काढला नव्हता, आणि पुढचं एकही वाहन तसूभर हललं नाही. लोकांना वाटलं असेल, बाई आगाऊ आहे. परवा एका कोटासाठी तोच रस्ता मोकळा झाला. हा माणूस त्या दिवशी आमच्या पुढे असता तर, एवढंच मनात येत राहिलं. त्याला काही सांगितलं नाही. त्याचा काय दोष.

तर असं आहे. मला रस्त्याची भीती वाटते, मागच्याची वाटते, पुढच्याची वाटते. धुलाईघरातल्या बायका मला पाहिलं की कोटाची तब्येत विचारतात. भाऊजी म्हणतात तेच खरं. गाडी देऊन टाकावी.

थोरल्या जावयांना आशीर्वाद, मांजराला समज.

तुमची भावजय

ता. क. वरचा शेवटचा भाग भाऊजींना वाचून दाखवू नका. तो रात्री लिहिला होता, आता सकाळ झाली आहे. टेम्पोवाला म्हणाला, माझ्या गाडीचा मागचा दिवा लागत नाही. पुढच्या सुट्टीला बसवून देतो म्हणाला. म्हणजे तोवर गाडी दारातच हवी.

ता. क. पुन्हा. खरं काम राहिलंच. कोटाला मी परत पुढे बसवणार नाही, मामांना पुन्हा तसं उचलायला लागू नये. पण एकटीने मला जमत नाही. तुमच्या तोंडाला अख्खी गल्ली भिते. डोळा बरा झाला की तुम्हीच या आणि शेजारी बसा. गाडी लागते हे माहीत आहे, लिंबू आणून ठेवलंय. मी चालवत असताना तुमचा भाऊ तिथे बसून उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबायचा, त्या जागी मॅट झिजून गेली आहे. भीती वाटली की पाय तिथेच दाबा.