आवतन कुठवर जातं

३ एप्रिल २०२५

नाही काढणार म्हणजे नाही काढणार!

सर आज अकोल्यात चक्क म्हणाले, "दीपमाला, चौथं प्रकरण काढून टाक. बाकी प्रबंध चांगला आहे. जूनअखेर मी रिटायर होतोय, त्याआधी सही करून टाकतो." ज्या प्रकरणासाठी पाच वर्षं उन्हातान्हात पायपीट केली, तेच काढ! मग उरतं काय? जनगणनेतली शहराची व्याख्या, लोकसंख्येची घनता, बिगरशेती कामगारांची टक्केवारी. ते तर कोणीही पंख्याखाली बसून लिहील.

शेषराव सर वाईट माणूस नाहीत. हे लिहून ठेवते, कारण रागात मी विसरते. सेट परीक्षा पुन्हा हुकली तेव्हा घरी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "पीएच.डी. कर, मी आहे." असा गाईड सगळ्यांना मिळत नाही. पण आज म्हणाले, "हा भूगोल नाही गं." हे वाक्य डोक्यात गेलंय!

बडनेऱ्यापर्यंत उभ्यानेच आले. रागात पाय दुखल्याचंही कळलं नाही.

५ एप्रिल

कॉलेजात ज्योत्स्नाला सांगितलं. ती इतिहास शिकवते, माझ्यासारखीच तासिकेवर. म्हणाली, "काढून टाक ना बाई! पदवी हातात घे, मग काय लिहायचं ते लिही." तिचंही खरं आहे. कायम जागेची जाहिरात येणार म्हणतात. सरांच्या सहीने जूनमध्ये प्रबंध गेला तर मी तिच्यात बसते. नाही गेला तर नवा गाईड, नव्याने सगळं, आणि जागा गेली.

म्हणून आज शांतपणे मुद्दा मांडून पाहते. म्हणजे सरांपुढे तोंड उघडलं की नुसतं भांडण व्हायला नको.

तेलखेड (नाव बदललंय, इथेही तेच वापरते) अकोल्याच्या महापालिकेत गेलं. ग्रामपंचायत गेली, वॉर्ड आला. मग ते आता गाव की शहर? कागद म्हणतो शहर. लोकांना विचारलं की हसतात. मग मी वेगळंच विचारायला लागले — घरी लग्न निघालं की चूलबंद आवतन कोणाला देता? म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायचीच नाही. अहाहा, काय उत्तरं आली! कोणी अडखळलं नाही. जुन्या गावाला चूलबंद. शेतं मोडून झालेल्या लेआउटमधल्या प्लॉटवाल्यांना पत्रिका, घरटी एक माणूस. पाण्याच्या टाकीच्या अलीकडे गाव, पलीकडे शहर. महापालिकेने कुठेही पाटी ठोको, लोकांची हद्द आवतनाची आहे. आणि ती नकाशावर काढता येते, मी काढलीय. हा भूगोल नाही तर काय आहे?

१२ एप्रिल

तेलखेडला गेले होते. लीलाबाईच्या पुतणीचं लग्न ठरलंय. बाई ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. मी विचारलं, आवतन कोणाकोणाला?

"साऱ्या गावाले, चूलबंद! आमच्या घरचं लग्न हाये बाप्पा, कमी काहून करू?"

"आणि नाल्यापलीकडे, वस्तीत?"

"त्याईले बी बलावतो ना. घरटी एक." मग माझ्याकडे जरा बघून घेतलं आणि म्हणाल्या, "तू मनावर घेऊ नको माय. चहा मांडू का?"

चहा घेतला. चांगला होता. तक्ता चार-सहामध्ये आणखी एक ओळ वाढली. त्या तक्त्यात एवढंच आहे — वस्तीला आवतन कसं येतं. कुठल्याच घरून चूलबंद येत नाही. प्लॉटवाले काल आलेले, त्यांना घरटी एक. वस्ती पिढ्यान्‌पिढ्या तिथली, तिलाही घरटी एक.

१४ एप्रिल

जयंती. दिवसभर रस्त्यावरच होते, प्रबंधाला हात लावला नाही. गळा बसलाय. मस्त वाटतंय!

२२ एप्रिल

सर एक पायरी उतरले. म्हणाले, "बरं, प्रकरण ठेव. आवतनाची हद्द ठेव. फक्त तो तक्ता काढ."

"कोणता?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"चार-सहा. अगं, बाहेरचा परीक्षक कसा असेल सांगता येत नाही. तोंडी परीक्षेत तोच विषय धरून बसेल. आणि आता पूर्वीसारखं राहिलंय का ते सगळं?"

मी म्हटलं, सर, राहिलंय की नाही हे तक्त्यातच लिहिलंय, एकदा वाचा तरी! आवाज चढला माझा. बाहेर शिपाई थांबला. सर म्हणाले, "तू फार तोंडाळ आहेस." म्हटलं, आहे.

एका तक्त्याने काय बिघडतं, असं बसस्टँडवर क्षणभर मनात आलं. लगेच स्वतःचीच लाज वाटली. मीही चांदूर रेल्वेजवळच्या अशाच वस्तीतली. मीच वस्ती काढून टाकली तर ठेवणार कोण?

२३ एप्रिल

नाही काढणार.

९ मे

आईचा फोन. सुगतचं ठरलं! माझा धाकटा भाऊ एकदाचा हो म्हणाला. जूनअखेरीस लग्न. आई म्हणाली, "तुह्या पुस्तकाचं काय ते आटप, मले आवतनाले संगं माणूस पायजे." प्रबंधाला ती पुस्तकच म्हणते. म्हटलं येईन. पंधरा जूनपर्यंत सरांची सही घेतेच घेते.

१८ मे

आज जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं.

परवा सरांना म्हटलं होतं, तुम्ही एकदा वस्तीत चला. मग म्हणा आता तसं राहिलं नाही. वाटलं टाळतील. तर सकाळीच फोन — "चल." अकोला स्टेशनवर स्कूटर घेऊन आले, डोक्याला पांढरा दुपट्टा. ऊन असं की सीटला हात लावता येईना. नाला ओलांडला आणि देवमनजींच्या दारात थांबलो. वस्तीतले सगळ्यात जुने तेच. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं. सर घटाघटा प्यायले. मग मी तोंड उघडायच्या आत स्वतःच विचारलं, "गावातल्या लग्नाचं बोलावणं येतं का तुम्हाला?"

"येते ना सर. पयले कोतवाल सांगे, आता फोन येते. घरटी एक."

"आणि बाकीचे घरचे?"

"बाकीचे घरी जेवते," देवमनजी म्हणाले. अगदी साधेपणाने, वर हसले. "तुमी घ्या ना पाणी अजून."

 येताना सरांनी तेलखेडच्या फाट्यावर स्कूटर थांबवली. म्हणाले, "आमच्या गावी आमच्या घरूनही असंच जातं. माझ्याही लग्नात असंच गेलं असेल. मी कधी विचारलंच नाही." मग दुपट्टा पुन्हा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "तक्ता राहू दे."

जिंकले! घरी येऊन एकटीच हसत बसले. सर मोठे आहेत. हेही लिहून ठेवते.

११ जून

सही झाली. चौथं प्रकरण अख्खं, तक्ता चार-सहासकट. ज्योत्स्नाने कँटीनमध्ये सगळ्यांना समोसे दिले आणि माझ्यापेक्षा तीच जास्त नाचली. बाइंडिंग झालं की विद्यापीठात द्यायचा. सुगतच्या लग्नाच्या आत होईल.

२१ जून

आईबरोबर आवतनाला फिरले, काल आणि आज. पाय सुजलेत.

सुरुवात आमच्या विहारापासून. मग वस्तीतलं दार न्‌ दार. आई उंबऱ्याशी उभी राहते आणि ठणकावून सांगते, "चूलबंद हाये हो, सारे या! लेकरंबाळं घेऊन या!" वस्ती संपली. मी रस्ता ओलांडून गावाकडे वळायला लागले, तर आईने हात धरला.

"तिकडे कुठे चालली व?"

"गावात. चूलबंद सांगायला."

"त्याईले पत्रिका पाठवू ना. घरटी एक." पिशवी खांद्यावर टाकली. "चाल लवकर, गाडी चुकंल. गावातले लोकं रायले अजून."

"आई, गावातले म्हणतेस आणि गाडीत काय बसतेस?"

"मंग? आपलं अर्धं गाव तं तिकडेच हाये ना!"

आणि खरंच की. बडनेऱ्यात रेल्वेतले लोक. अमरावतीत शिक्षक, नर्सा, बँकेतले, आमच्याच वस्तीतून कधीचे गेलेले. आज अकोला. तिथे तर आईने एक अख्खी गल्ली केली. फ्लॅटची बेल दाबते, दार उघडलं की तोच आवाज — "चूलबंद हाये!" कोणी म्हटलं नाही की शहरात आता कुठली चूल. म्हणाले, येतो ना काकू, सगळे येतो. तिसऱ्या मजल्यावरची बाई तर आईच्या गळ्यातच पडली.

मी मात्र त्या जिन्यातच बसले. आईला वाटलं ऊन लागलं. ऊन नव्हतं. आईचं गाव माझ्या नकाशात कुठेच बसत नव्हतं. ते टाकीपाशी संपत नाही, नाल्यापाशीही संपत नाही. ते रेल्वेच्या रुळांवरून तीन शहरांत जातं आणि समोरच्या रस्त्यापलीकडे मात्र जात नाही.

घरी आल्या आल्या प्रश्नावली काढली. गावातल्या घरांना माझा प्रश्न — तुम्ही कोणाला बोलावता? वस्तीतल्या घरांना — तुम्हाला कोण बोलावतं? पाच वर्षं! पाच वर्षांत देवमनजींना एकदाही विचारलं नाही की तुमच्या घरचं आवतन कुठवर जातं. सरांनी विचारलं नाही ते मी समजू शकते. मी काहून नाही विचारलं?

आई म्हणते, जेवून घे आधी. भूक नाही.

२४ जून

प्रबंध बांधून आला. छान झालाय, सोनेरी अक्षरं. ज्योत्स्ना म्हणते, "आता चुका शोधू नको, देऊन ये." दिवसभर मांडीवर घेऊन बसले. चौथं प्रकरण दोनदा वाचलं. रडलेही.

२७ जून

प्रबंध दिला नाही. अकोल्याला जाऊन सरांचं सहीचं पान सरांना परत दिलं. वस्तीपासून पुन्हा सुरू करणार, नवा गाईड शोधणार, जागा जाते तर जाऊ दे.  सर म्हणाले, "मग त्या तक्त्यासाठी माझ्याशी एवढी भांडलीस कशाला?" म्हटलं, सर, तेव्हा मीसुद्धा गावातच उभी राहून वस्तीकडे बघत होते.