विहिरीजवळच्या दोन ओळी

प्रिय योगिनी,

फोन सोडून हा कागद कशाला, म्हणून हसू नकोस. आईचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, मग मी काय करू?

यंदा सोयाबीनवर हिरवा ढेकण्या फार पडलाय. कोवळ्या शेंगेतला रस शोषतो आणि शेंग पोचट राहते. वणीहून औषध आणून फवारलं. विहिरीजवळच्या दोन ओळी मात्र मुद्दाम सोडल्यात. तुझी वहिनी विचारते, किडे पाळताय का?

फवारताना आपलं लहानपण आठवत होतं. सकाळच्या गारठ्यात हे किडे सुस्त असतात, म्हणून आई आपल्याला उजाडताच वावरात धाडायची. डब्यात रॉकेल घातलेलं पाणी, आणि एकेक ढेकण्या धरून त्यात टाकायचा. हातांना असला उग्र वास लागायचा की मातीनं घासूनही जायचा नाही. परतल्यावर आई दारातच आपले तळवे हुंगायची, वास आला तरच भाकर. मी इमानदार गाढव, डबा भरायचो. तू बांधावर बसून एकच किडा दोन्ही तळव्यांवर चिरडायचीस आणि माझ्याआधी ताटावर! तेव्हा तुझा भयंकर राग यायचा. आता त्या सकाळींची फार आठवण येते गं.

गेल्या दिवाळीत आईनं तुला ‘कोनाच्या पाव्हण्या तुम्ही?’ असं विचारलं आणि तू दुसऱ्या दिवशीच नाशिकला परतलीस. त्यानंतर आली नाहीस. तुला दोष देत नाही. मलाही ती कधी भाऊ समजते, कधी गडी. तुझं नाव तर तिच्या तोंडून गेलंच होतं.

फवारणीच्या आदल्या दिवशी किडा किती पडलाय ते शेंगा चाचपून बघितलं आणि हात न धुता तसाच घरी आलो. आईला पाणी दिलं, तर तिनं माझा हात धरून नाकाशी नेला आणि दाराकडे बघत हसली. म्हणाली, “योगी कुठंय? एकच किडा चिरडून येती, मला काय कळत नाय का? ये म्हनावं, भाकर काढलीय.” म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं! मी तिथंच रडलो.

म्हणून त्या दोन ओळी राखल्यात. सोंगणी जवळ आलीय, मग त्या ओळीही कापाव्या लागतील, त्याआधी ये. एसटीतून उतरलीस की आधी विहिरीकडे जा. आई ओळखेलच असं वचन देत नाही. पण एक किडा चिरड, हात धुऊ नकोस, आणि दारात तिच्यापुढे तळवे धर.

तुझाच,
योगेशदादा